पगारी विदूषक : बस्टर कीटनचा १९२८चा करार

जानेवारी १९२८मध्ये अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटनने मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, या कंपनीच्या करारावर सही केली. वय ३२. पगार आठवड्याला ३,००० डॉलर. त्या वर्षी साधी फोर्ड मोटार चार-पाचशे डॉलरला मिळत होती. त्याआधीच्या आठ वर्षांत त्याने स्वतःच्या नावाच्या स्टुडिओत १९ लघुपट आणि १० मोठे चित्रपट केले होते. सहीनंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी १९३३मध्ये, एमजीएमने त्याला काढून टाकलं. तोवर लग्न मोडलं होतं, घर गेलं होतं आणि दारू हाताबाहेर गेली होती.

या पडझडीची दोन कारणं वर्षानुवर्षं सांगितली जातात. एक म्हणजे बोलपट आले आणि मूकपटांचा नट निकामी झाला. दुसरं म्हणजे पैसेखाऊ स्टुडिओने कलावंताचा बळी घेतला. पहिलं कारण सरळ चुकीचं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते गोष्ट फार उशिरा सुरू करतं. कीटनने १९२८मध्ये स्वातंत्र्य विकलं असं म्हणायचं, तर ते त्याच्या मालकीचं होतं का हे आधी बघायला हवं.

काम करायची रीत

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा या खेड्यातला. आई-बाप ज्या फिरत्या खेळाबरोबर होते त्याचा मुक्काम त्या दिवशी तिथे होता म्हणून. पाच वर्षांचा व्हायच्या आतच तो रंगमंचावर आला. बाप जो कीटन खेळात पोराला उचलून फेकायचा, कधी मागच्या पडद्यावर, कधी वादकांच्या खड्ड्यात. पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कोटाला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे. न्यूयॉर्कच्या बालसंरक्षण संस्थेने यावर पुन्हापुन्हा हरकत घेतली. पोरगं मात्र अंग न मोडता पडायला शिकलं. पडल्यावर आपणच हसलो तर प्रेक्षक हसत नाही, हेही त्याला तिथेच कळलं. पुढे जगभर ओळखला गेलेला त्याचा निर्विकार चेहरा हा असा व्यवसायाच्या हिशेबातून आलेला आहे. त्यात दुःख शोधणाऱ्यांनी ते खुशाल शोधावं.

१९१७मध्ये न्यूयॉर्कला विनोदी नट रॉस्को अर्बकलच्या लघुपटांत त्याला काम मिळालं. अभिनयाइतकंच त्याला कॅमेऱ्याचं कुतूहल होतं. मधे पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात भरती होऊन फ्रान्सची वारी झाली, तिथे कानाच्या दुखण्याने ऐकू कमी येऊ लागलं. परतल्यावर १९२०मध्ये अर्बकल मोठ्या चित्रपटांकडे गेला आणि निर्माता जोसेफ शेंकने लघुपटांचं युनिट कीटनच्या हाती दिलं.

या युनिटची कामाची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण नंतर तुटली ती हीच. लिहून काढलेली पटकथा नसे. गोष्टीची सुरुवात मिळाली, शेवट मिळाला, की मधलं आपोआप जुळेल या भरवशावर चित्रीकरण सुरू व्हायचं. क्लाइड ब्रकमन, जीन हॅवेझ, जोसेफ मिचेल ही गॅग, म्हणजे हसवणारे प्रसंग, रचणारी मंडळी, कॅमेऱ्यामागे एल्जिन लेस्ली, यंत्रं आणि सेट उभे करणारा फ्रेड गॅबुरी. काही अडलं की सगळे मिळून बेसबॉल खेळायला जायचे. खेळता खेळता कुणाला तरी उपाय सुचायचा आणि काम पुन्हा सुरू व्हायचं.

वरून हा पोरखेळ वाटतो, पण कामात काटेकोरपणा केवढा होता ते १९२१च्या ‘द प्लेहाउस’मध्ये दिसतं. एका चौकटीत नऊ कीटन एकत्र नाचतात. त्यासाठी लेस्लीने भिंगापुढे नऊ फटींचं झाकण बसवलं, एकेक फट उघडून तीच फिल्म पुन्हापुन्हा मागे घेऊन नऊ वेळा चित्रित केली. कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे नऊही वेळा हाताचा वेग एकच हवा आणि कीटनची पावलं एकाच ठेक्यावर हवीत. १९२४च्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये नायक सिनेमाच्या पडद्यात शिरतो आणि त्याच्याभोवतीची जागा क्षणाक्षणाला बदलते : बाग, रस्ता, कडा, समुद्र. दर कटला माणूस तसूभरही हलता कामा नये, म्हणून जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं आणून त्याची जागा पक्की केली होती. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या नळाखाली लोंबकळताना पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला. मान मोडली होती हे कित्येक वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळलं.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण १९२५च्या ‘सेव्हन चान्सेस’चं आहे. चित्रपट पूर्ण झाला, चाचणी खेळ लावला. शेवटच्या पाठलागात टेकडीवरून धावताना कीटनच्या पायाने दोन-तीन दगड सुटले आणि त्याच्यामागे गडगडत आले, तेवढ्यालाच प्रेक्षक अनपेक्षितपणे हसले. कीटन परत गेला, कागदाच्या लगद्याचे भलेमोठे धोंडे करवून घेतले आणि सबंध दरड त्याच्यामागे लागते असा प्रसंग नव्याने चित्रित केला. आज लोक तो चित्रपट बघतात तो या प्रसंगासाठी, आणि हा प्रसंग चित्रपट ‘झाल्यानंतर’ जन्मला.

या रीतीला काय काय लागतं? तीच ती माणसं रोज हाताशी हवीत. वेळ हवा. आणि झालेलं काम मोडून पुन्हा करायला कुणाची परवानगी मागावी लागता कामा नये. कीटनकडे हे तिन्ही होतं, फक्त कुठल्याही कागदावर नव्हतं.

साडू

स्टुडिओच्या फाटकावर नाव बस्टर कीटनचं. ही जागा चॅप्लिनने पूर्वी वापरलेली, ती शेंकने घेतली होती. बस्टर कीटन प्रॉडक्शन्स ही कंपनी होती, पण तिच्या समभागांत कीटनचा वाटा नव्हता. सुरुवातीला त्याला आठवड्याला १,००० डॉलर आणि नफ्याचा पाव हिस्सा मिळायचा. चित्रपटांचे हक्क कंपनीचे. आपल्याकडे जुन्या नाटक कंपन्यांत भागीदार नट आणि पगारी नट असा भेद असायचा. कीटन स्वतःच्या नावाच्या कंपनीत पगारी नट होता.

त्याला हे खटकलं कसं नाही? एक तर शेंक खरोखर ढवळाढवळ करत नसे. दुसरं म्हणजे तो घरचा माणूस होता. शेंकची बायको नॉर्मा टालमॅज त्या काळची बडी तारका. १९२१मध्ये कीटनने तिची बहीण नॅटलीशी लग्न केलं, म्हणजे मालक आणि नट साडू झाले. घरच्या माणसाकडे कोण कागद मागतं? शेंकने फसवलं असं म्हणायला माझ्यापाशी काही आधार नाही. पण सगळी व्यवस्था एका माणसाच्या मर्जीवर उभी होती आणि त्या माणसाचे दुसरेही व्यवसाय होते, हे मात्र खरं.

त्याच वेळी बरोबरीचे दोघं काय करत होते? चॅप्लिन १९१९मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट वितरण कंपनीचा सहसंस्थापक झाला, त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. हॅरोल्ड लॉइड १९२३मध्ये निर्माता हॅल रोचपासून वेगळा झाला, स्वतःची कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांचे हक्क हातात ठेवले. लॉइडला विनोदातलं कीटनइतकं गणित येत नसेल, पण जमाखर्चातलं उत्तम येत होतं.

‘द जनरल’चा हिशेब

१९२६मध्ये कीटनने ‘द जनरल’ हाती घेतला. अमेरिकी यादवी युद्धातली, इंजिन पळवल्याची गोष्ट. जुन्या धाटणीचे रूळ हवे होते, ते ओरेगॉन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ लाकूडवाहतुकीच्या मार्गावर सापडले. नॅशनल गार्डचे शेकडो जवान दोन्ही बाजूंचे गणवेश आलटून पालटून चढवून लढले. २३ जुलै १९२६ला जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत कोसळवलं. या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगितला जातो. मूकपटांतला सर्वांत महागडा शॉट म्हणून तो ओळखला जातो. इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारात जाईपर्यंत नदीतच पडून होतं.

चित्रपटाचा एकूण खर्च साडेसात लाख डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेतली कमाई सुमारे ४ लाख ७४ हजार. समीक्षकांनीही फारसं कौतुक केलं नाही. युद्धात माणसं मरताना हसायचं कसं, हा एक आक्षेप होता. आधीच्या वर्षी लॉइडच्या ‘द फ्रेशमन’ने २६ लाखांच्या आसपास गल्ला जमवला होता. ही दरी शेंकला दिसत नसेल असं कसं म्हणावं?

पुढच्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत पर्यवेक्षक म्हणून हॅरी ब्रँडचं नाव दिसतं. म्हणजे मोकळीक एमजीएमच्या आधीच आक्रसू लागली होती. १९२७चा ‘कॉलेज’ सुमारे ४ लाख २४ हजारांवर थांबला. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’चा शेवट मूळ पुराचा होता, पण त्या वर्षी मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा तो बदलून वादळ घालावं लागलं. त्यातूनच घराची सबंध दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तो वरच्या खिडकीच्या चौकटीतून सुखरूप उभा राहतो, तो प्रसंग निघाला. भिंत खरी, सुमारे दोन टनांची. खिडकी आणि माणूस यांत दोन्ही बाजूंनी काही इंचांचंच अंतर. चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम ३ लाख ५९ हजार मिळवले.

हा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच शेंकने निर्णय घेतला होता. तो स्वतः युनायटेड आर्टिस्ट्सचा अध्यक्ष झाला होता. त्याचा भाऊ निकोलस १९२७मध्ये लोज कंपनीचा, म्हणजे एमजीएमच्या मालक कंपनीचा प्रमुख झाला. कीटनचं युनिट बंद करून त्याला भावाच्या कंपनीत धाडणं शेंकच्या दृष्टीने सोयीचं होतं, आणि साडूची सोय लावल्याचं समाधानही होतं. चॅप्लिन आणि लॉइड दोघांनीही कीटनला जाऊ नकोस म्हणून सांगितलं. तो पॅरामाउंट या दुसऱ्या बड्या कंपनीच्या प्रमुखाला, अडॉल्फ झुकरला, भेटून आला. तिथे लॉइडचे चित्रपट आधीच वितरणात होते, दार उघडलं नाही. मग सही झाली. गोष्ट आणि दिग्दर्शन यांबाबत कीटनचा सल्ला घ्यायचा, अखेरचा शब्द निर्मात्याचा, असं ठरलं.

पाच वर्षं

एमजीएममधला पहिला चित्रपट ‘द कॅमेरामन’ (१९२८) उत्कृष्ट आहे, आणि ‘कंपनीने मारलं’ म्हणणाऱ्यांची इथे अडचण होते. जाडजूड पटकथा हातात देऊन कंपनीने त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रीकरणाला पाठवलं, तिथे ओळखीच्या चेहऱ्याभोवती गर्दी जमून काम ठप्प झालं. तेव्हा त्याने निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गला गळ घालून पटकथेतला बराच भाग गाळून घेतला. पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायच्या इवल्याशा खोलीत दोन माणसं अडकतात तो प्रसंग कीटनने युनिटचा व्यवस्थापक एडवर्ड ब्रॉफी याला समोर उभा करून जागीच रचला. रिकाम्या यांकी स्टेडियममध्ये एकट्याने खेळलेला बेसबॉलचा सामनाही जुन्या वळणाचाच. हे जमलं कारण लेस्ली कॅमेऱ्यावर होता, ब्रकमन गोष्टीत होता, गॅबुरी तांत्रिक बाजूला होता. जुनी मंडळी अजून आसपास होती.

मग ती पांगली. एमजीएममध्ये कुणी नटाचा माणूस नसतो, सगळे कंपनीचे असतात. आज या सेटवर, उद्या त्या. ‘स्पाइट मॅरेज’ (१९२९) या शेवटच्या मूकपटात दारूने बेशुद्ध झालेल्या बायकोला बिछान्यावर निजवायची नवऱ्याची धडपड आहे. निर्माता लॉरेन्स वाइनगार्टनला तो प्रसंग कापायचा होता. कीटनने भांडून ठेवला, आणि चित्रपटातलं लक्षात राहतं ते तेवढंच. हाच खेळ तो पुढे रंगमंचावर वर्षानुवर्षं करत राहिला.

आता आवाजाबद्दल. ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट करावा असा आग्रह खुद्द कीटनचाच होता. ध्वनियंत्रणा कमी आहे म्हणून कंपनीने नाही म्हटलं. त्याचा आवाज खर्जातला, रंगमंचावर तयार झालेला, ‘फ्री अँड ईझी’मध्ये (१९३०) तो गायलाही. तेव्हा डबिंग रुळलं नव्हतं, म्हणून काही चित्रपट त्याने स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्येही पुन्हा केले, शब्द उच्चाराबरहुकूम पाठ करून. तेव्हा आवाजाने काही बिघडलं नाही. बिघडलं ते आवाजाबरोबर आलेल्या शिस्तीने. संवाद म्हणजे आधी लिहिलेली पटकथा, पटकथा म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे वेळापत्रक. दगड गडगडले म्हणून परत टेकडीवर जायची सोय त्यात उरत नाही. धोक्याच्या उड्या मारायलाही कंपनीची ना, कारण नट हा गुंतवणुकीचा भाग.

पात्रही बदललं. आधीचा कीटन अडचणीपुढे गोंधळत नाही, तो ती यंत्रासारखी उलगडतो. हातातल्या दोरीचं, तोफेचं, बोटीचं नेमकं काय करता येईल याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. एमजीएमने त्याला बावळट केला. त्याच्या पात्रांना एल्मर हे नाव चिकटलं, लोकांनी त्याच्यावर हसायचं. १९३२पासून विनोदी नट जिमी ड्युरांटीला जोडीला दिलं, तीन चित्रपट झाले. ड्युरांटी अखंड बोलणारा, कीटन गप्प. दोघं एकमेकांचा विनोद पाडत. याच सुमारास एमजीएमच्याच ‘ग्रँड हॉटेल’चं विडंबन करायची कल्पना कीटनने थालबर्गपुढे मांडली होती. नाकारली गेली. न झालेल्या चित्रपटांची हळहळ करायची नसते म्हणतात, पण या एकाची मला होते.

आणि तरीही हे चित्रपट चालले. कीटनने ज्याची स्वतः नालस्ती केली त्या ‘साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क’नेही (१९३१) कंपनीला चांगला नफा दिला. एमजीएमकडे लोजची चित्रपटगृहं होती, जाहिरातीचं बळ होतं. त्याचे सुमार बोलपट त्याच्या उत्तम मूकपटांपेक्षा जास्त कमवत होते. कीटनला कंपनीशी भांडायला हत्यारच उरलं नाही. तोटा झाला असता तर ‘माझ्या पद्धतीने करून बघू’ म्हणता आलं असतं. नफ्याशी काय भांडणार? बाहेरून जो यशाचा काळ दिसत होता त्याच काळात तो दारूत बुडत गेला. ‘पार्लर, बेडरूम अँड बाथ’चं (१९३१) काही चित्रीकरण तर बेव्हर्ली हिल्समधल्या त्याच्या स्वतःच्या घरात झालं. पुढच्याच वर्षी घटस्फोटात ते घर नॅटलीकडे गेलं आणि दोन्ही मुलांचं आडनाव टालमॅज झालं. सेटवर गैरहजेरी, प्रमुख लुई मेयरशी खटके, आणि मग बडतर्फीचं पत्र. पिणारा नट वेळेवर येत नाही म्हणून कंपनीने काढला, यात कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे.

हक्क हाती असते तर?

स्वातंत्र्य मिळालं असतं की सगळं ठीक झालं असतं, हे मानायला मी तयार नाही. हॅरी लँग्डनचं उदाहरण समोर आहे. त्याला फर्स्ट नॅशनल कंपनीत पूर्ण मोकळीक होती. त्याने १९२७मध्ये दिग्दर्शक फ्रँक काप्राला काढलं, स्वतः दिग्दर्शन केलं, ओळीने तीन चित्रपट आपटले. काही वर्षांत दिवाळं निघालं. लँग्डनकडे अधिकार होता, मंडळी उरली नाहीत. कीटनकडे सुरुवातीला मंडळी होती, अधिकार कधीच नव्हता. लॉइडकडे दोन्ही होतं, आणि बोलपटांत त्याचीही झळाळी ओसरली, फक्त तो श्रीमंत राहिला. हक्क असते तर कीटनचे बोलपट चांगले झालेच असते असं नाही. दोन वाईट वर्षं निभावून नेण्याइतका पैसा आणि नाही म्हणायची ताकद मात्र मिळाली असती.

मालकीची दुसरी बाजू नंतर उघड झाली. लॉइडने आपले चित्रपट जपून तिजोरीत ठेवले, टीव्हीला सहजासहजी दिले नाहीत, त्यामुळे एक सबंध पिढी ते न बघताच वाढली. कीटनच्या चित्रपटांना वालीच नव्हता. ‘द जनरल’च्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही आणि १९५०च्या दशकात तो सगळ्यांसाठी खुला झाला. बेव्हर्ली हिल्सचं त्याचं जुनं घर नट जेम्स मेसनने घेतलं होतं. तिथे आवारात ठेवून दिलेली रिळं मिळाली. १९५४पासून रेमंड रोहावर या प्रदर्शकाने प्रती शोधणं, नव्या फिल्मवर उतरवणं आणि हक्कांचे दावे लढणं सुरू केलं. चित्रपट फिरू लागले. १९७२च्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-कौलात ‘द जनरल’ पहिल्या दहांत होता.

मधली वर्षं कीटनने काम करतच काढली. एज्युकेशनल पिक्चर्ससाठी स्वस्तातले १६ लघुपट, मग कोलंबियासाठी दहा. एमजीएमनेच त्याला जुन्या पगाराच्या किरकोळ अंशावर गॅगमन म्हणून परत घेतलं. १९४८च्या ‘अ सदर्न यांकी’त विनोदी नट रेड स्केल्टन अर्धा एका सैन्याचा, अर्धा दुसऱ्या सैन्याचा गणवेश शिवून दोन्ही फळ्यांमधून चालत जातो आणि दोन्हीकडून टाळ्या घेतो, ती कल्पना कीटनची. १९४०मध्ये त्याने एमजीएमचीच नर्तकी एलिनॉर नॉरिसशी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. १९४७मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्याचे खेळ झाले. १९४९मध्ये समीक्षक जेम्स एजीच्या ‘लाइफ’ या साप्ताहिकातल्या लेखाने अमेरिकेला त्याची आठवण करून दिली, १९६०मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

१९५७मध्ये पॅरामाउंटने त्याच्या जीवनावर चित्रपट काढला. चित्रपट खराब आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या घडलेल्या नाहीत. पण आपल्या आयुष्याचे हक्क दिल्याबद्दल कीटनला ५०,००० डॉलर मिळाले, आणि त्या पैशातून त्याने वुडलँड हिल्समध्ये जमिनीसकट छोटं घर घेतलं. १ फेब्रुवारी १९६६ला तो गेला तो त्याच घरात.